काट्याला शेतकी हवी, शेतकीला काटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली. प्रोग्रॅमचे मोड्यूल, म्हणजे वेगवेगळे भाग, एकमेकांत अडकलेत, कुठून सोडवायचे? तांत्रिक भाषेत ही सर्क्युलर डिपेंडन्सी : पहिल्याला दुसरा हवा आणि दुसऱ्याला पहिला. मी तिला ‘फेरा’ म्हणते. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देते आहे, कारण त्यातला गुंता मी स्वतः जवळून पाहिलेला आहे.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. आम्ही साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आमचा जावाचा कोड इतकी वर्षं एकाच मोठ्या प्रोजेक्टमध्ये होता. या वर्षी गाळप संपल्यावर मी मेव्हन (कोड बांधणारं टूल) वापरून त्याचे वेगळे मोड्यूल केले : शेतकी (उसाच्या नोंदी), तोडणी, वाहतूक, काटा (गाड्यांचं वजन), बिल, हिशेब. बिल्ड केला, तर पहिल्याच मिनिटाला ‘सायक्लिक रेफरन्स’ म्हणून थांबला. एक फेरा तोडला की दुसरा निघतो. आमचे सीनियर म्हणतात, जे दोघांना लागतं ते सगळं ‘कॉमन’ नावाच्या मोड्यूलमध्ये टाक. मित्र म्हणतो, इव्हेंट (‘अमुक घडलं’ अशी सूचना) वापर. मला तर वाटायला लागलंय की पूर्वीचं एकत्र होतं तेच बरं होतं. काय करू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फेरे तुम्ही तयार केलेले नाहीत, ते पहिल्या दिवसापासून होते. जावाचा कंपायलर एका प्रोजेक्टमधल्या सगळ्या फाइली एकदम हातात घेतो, त्यामुळे क्लास एकमेकांना ओळखत असले तरी त्याचं काही अडत नाही. मेव्हनचं तसं नाही. त्याला आधी कोण बांधायचा आणि नंतर कोण, हा क्रम लावावा लागतो. बिलाला काटा हवा असेल तर काट्याचा जार (बांधलेल्या कोडची फाइल) आधी तयार पाहिजे. काट्यालाही बिल हवं असेल तर क्रमच लागत नाही, आणि मेव्हन काम सुरू करण्याआधीच नकार देतो. तुम्ही फक्त दिवा लावलात.

फेऱ्याचा त्रास बिल्डपुरता नसतो, हे मी २००४ साली शिकले. सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात आमचा प्रोग्रॅम चालायचा. सगळं मिळून एकच एक्झी, म्हणजे चालवायची एकच फाइल. शेतकऱ्यांच्या बिलात एक नवी कपात दाखवायची होती, म्हणून आम्ही बिलाचा भाग बदलला. काट्याच्या कोडला आम्ही हातही लावला नव्हता. पण काटा एका तपासणीसाठी बिलाच्या फंक्शनला हाक मारत होता, म्हणून नवी एक्झी काट्याच्या मशीनवरही चढवावी लागली. त्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये नव्या कपातीचा कॉलम नव्हता. रात्री पहिला ट्रॅक्टर गव्हाणीत रिकामा होऊन वजनाला परत आला आणि प्रोग्रॅम बंद पडला. पहाटेपर्यंत वजनपावत्या हाताने लिहिल्या गेल्या. ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग यार्डातून बाहेर रस्त्यावर गेली. माणसं थंडीत उसावर गोधड्या पांघरून बसली होती. बिलातल्या एका रकान्यासाठी वजनकाटा थांबला, याची मला आजही चुटपुट लागते. म्हणून सांगते, तुम्ही सुरू केलेलं काम सोडू नका.

आता कागद घ्या, मोठा. प्रत्येक मोड्यूलची एक चौकट काढा आणि बाण काढा. पण नुसता बाण नको, प्रत्येक बाणावर त्याचं कारण मराठीत लिहा : ‘काटा शेतकीला विचारतो, ही स्लिप कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटची?’ जेडीकेबरोबर (जावाच्या साधनसंचाबरोबर) येणारं ‘जेडेप्स’ हे टूल कोणता क्लास कोणाला वापरतो ते दाखवतं, त्यामुळे बाण शोधायला वेळ लागत नाही. वेळ कारण लिहायला लागतो, आणि तो द्यायलाच हवा. पुष्कळदा कारण लिहितानाच कळतं की हा बाण खरा नाही.

तुमच्या पत्राबरोबर आलेल्या यादीवरून मला चार फेरे दिसले. चारही वेगळ्या जातीचे आहेत, आणि म्हणूनच एकच औषध सगळ्यांना लावू नका.

शेतकी आणि काटा घ्या. काट्यावर गाडी आली की स्लिपवरून प्लॉट शोधावा लागतो. गट नंबर, आडसाली की खोडवा, वाण कोणता, हे सगळं शेतकीकडे. हा बाण खरा. उलटा बाण कशासाठी? शेतकीच्या नोंदीच्या स्क्रीनवर ‘या प्लॉटमधून आजवर किती ऊस आला’ हे दाखवायचं आहे, म्हणून शेतकी काट्याच्या पावत्या मोजायला जाते. इथे बहुतेक जण चकतात. माहिती काट्याकडून शेतकीकडे जाते, म्हणजे शेतकीने काट्याला ओळखलंच पाहिजे, असं त्यांना वाटतं. पण माहिती कोणत्या दिशेने वाहते आणि कोण कोणाला ओळखतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काटा शेतकीला ओळखतोच आहे. मग निव्वळ वजन ठरलं की त्यानेच शेतकीला सांगावं : ‘अमुक पावती, अमुक प्लॉट, इतके टन.’ शेतकी तो आकडा आपल्याकडे लिहून ठेवील. उलटा बाण गळून पडला. तुमच्या मित्राचा इव्हेंटही इथे लागत नाही. किंबहुना इव्हेंटने इथे फसगत होईल. काटा इव्हेंट सोडणार, त्या इव्हेंटचा क्लास काट्याच्या मोड्यूलमध्ये राहणार, शेतकी तो ऐकण्यासाठी काट्याला इम्पोर्ट करणार, आणि फेरा होता तिथेच.

याची एक किंमत आहे, ती लपवत नाही. तोच आकडा आता दोन ठिकाणी आहे. पावती रद्द झाली किंवा दुरुस्त झाली तर शेतकीलाही कळवायला हवं. म्हणून शेतकीच्या मेथडला नुसतं ‘इतके टन वाढवा’ असं सांगू नका, पावती नंबर द्या. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर जुना आकडा काढून नवा लिहिता येतो. आणि दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे झाल्या तर दोन्ही होतील, नाही तर एकही नाही.

काटा आणि बिल हा फेरा वेगळा. पंधरवड्याचं बिल करायला वजनं लागतात, म्हणून बिल काट्याला विचारतं. ते बरोबरच आहे. काटा बिलाला विचारतो ते एवढंच, की ‘या पंधरवड्याचं बिल बंद झालं का?’ झालं असेल तर जुनी पावती दुरुस्त करू द्यायची नाही. (आमच्या २००४ च्या प्रोग्रॅममध्येही नेमकी हीच तपासणी होती.) ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे बिलं पाठोपाठ लागतात आणि ही तपासणी काढून टाकता येत नाही. मग स्वतःला विचारा, ‘पंधरवडा बंद आहे’ ही गोष्ट कोणाची? बिलाची वाटते, कारण बंद बिलवाले करतात. पण ती खरं तर हंगामाच्या दिनदर्शिकेची आहे. हंगाम कधी सुरू झाला, कोणता पंधरवडा चालू आहे, कोणता बंद. त्याचा ‘हंगाम’ नावाचा छोटा मोड्यूल करा. बिल त्याला सांगेल, ‘हा पंधरवडा बंद कर.’ काटा त्याला विचारील, ‘हा बंद आहे का?’ हंगाम मात्र दोघांपैकी कोणालाही ओळखणार नाही.

तुम्ही म्हणाल, हेच तर सीनियरांचं ‘कॉमन’. नाही. ‘हंगाम’ या नावावरून आत काय असेल आणि काय नसेल ते कळतं. तिथे कोणी जीएसटीचं फंक्शन टाकायला गेला तर त्याचं त्यालाच खटकेल. ‘कॉमन’मध्ये कोणाला काहीच खटकत नाही. दोघांना लागणारी प्रत्येक गोष्ट तिथे जाते, वर्षभरात तो सर्वांत मोठा मोड्यूल होतो, आणि त्यातली एक ओळ बदलली की सगळे मोड्यूल पुन्हा बांधावे, तपासावे लागतात. म्हणजे पुन्हा एकच एक्झी, फक्त नाव बदललेली. तुमच्या सीनियरांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा : जे हलवायचं आहे त्याला ‘कॉमन’ सोडून दुसरं नाव देता येतं का? तसं नाव सुचलं, तर जरूर वेगळा मोड्यूल करा.

तिसरा, बिल आणि हिशेब. बिल पास झालं की हिशेबात व्हाउचर पडतं, म्हणून बिल हिशेबाला ओळखतं. उलटं असं की खातेउताऱ्यातल्या नोंदीवर क्लिक केलं की मूळ बिल उघडलं पाहिजे, म्हणून हिशेब बिलाला ओळखतो. अकाउंट्सच्या लोकांना ही सोय लागतेच, ती काढू नका. पण नीट पाहिलं तर हिशेबाला बिल नको आहे, त्याला ‘मूळ कागद’ हवा आहे. उद्या खत विक्रीची पावती असेल, परवा पगारपत्रक. तेव्हा हिशेबाच्या मोड्यूलमध्ये एक इंटरफेस (नुसती मागणी, काम दुसऱ्याने पुरवायचं) ठेवा, ‘मूळ कागद दाखवणारा’. व्हाउचरवर कागदाचा प्रकार आणि नंबर तेवढा लिहा. तो इंटरफेस बिलाने आपल्या बाजूला पूर्ण करायचा. आणि या दोघांची गाठ घालून द्यायचं काम सर्वांत वरच्या, प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मोड्यूलने करायचं. त्याने सगळ्यांना ओळखलं तरी हरकत नाही, कारण त्याला कोणीच ओळखत नाही.

राहिले तोडणी आणि वाहतूक. यांच्यातले बाण मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, दोन्हीकडून इतके आहेत. हे दोन मोड्यूल एक करा. कारखाना करार करतो तो बहुतेकदा एकाच ठेकेदाराशी, तोडणी आणि वाहतूक दोन्हीसाठी. उचल एकदम दिली जाते, वसुली एकत्र होते, टोळीचा मुकादम आणि गाडी एकाच कागदावर. कारखान्याच्या भाषेतही ‘तोडणी-वाहतूक’ हा एकच शब्द आहे. जे कामात एक आहे ते कोडमध्ये दोन केलं की फेरा पडणारच. एकत्र करण्यात कमीपणा नाही. सगळंच पुन्हा एकत्र करण्याला मात्र माझा विरोध आहे.

क्रमाचं म्हणाल तर आधी तोडणी-वाहतूक एक करा, मग ‘हंगाम’ वेगळा काढा. ही दोन कामं आठवड्याभरात होतील. शेतकीचा बदल सावकाश करा, कारण त्यात डेटाबेसमध्ये नवा आकडा येतो आणि जुन्या पावत्यांवरून तो एकदा भरून घ्यावा लागतो. आणि हे सगळं दसऱ्याच्या आत संपवा. बॉयलर पेटल्यावर काट्याला हात लावायचा नाही.

प्रश्न : आमचा इन्शुरन्सचा प्रोजेक्ट स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कच्या २.५ वरून २.७ वर नेला. आता ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. बीन्सचा (स्प्रिंग तयार करून देतं त्या ऑब्जेक्टचा) फेरा झालाय असा मेसेज येतो. पॉलिसी सर्व्हिसला क्लेम सर्व्हिस हवी आणि क्लेमला पॉलिसी. इंटरनेटवर एक सेटिंग मिळालं, ‘अलाऊ सर्क्युलर रेफरन्सेस’. ते ट्रू केल्यावर चालू झालं. प्रॉडक्शनला असंच जाऊ द्यावं का? — एक वाचक, हिंजवडी, पुणे

उत्तर : उद्याच रिलीज असेल तर जाऊ द्या, पण त्याच दिवशी फेरा काढायचं तिकीट तयार करा आणि त्यावर स्वतःचं नाव घाला.

झालं ते असं. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट २.६ पासून बीन्समधले फेरे डीफॉल्टने बंद केले गेले. त्याआधी स्प्रिंग ते गुपचूप निभावून न्यायचं. पहिला बीन अर्धवट तयार करायचा, त्याचा पत्ता बाजूला ठेवायचा, दुसऱ्या बीनला तो अर्धवटच द्यायचा आणि नंतर दोन्ही पूर्ण करायचे. फील्डवर किंवा सेटरवर इंजेक्शन (एका बीनला दुसरा पुरवणं) असेल तर हे जमतं. कन्स्ट्रक्टरमधून मागितलं तर जमूच शकत नाही, कारण दुसरा हातात असल्याशिवाय पहिला जन्मालाच येत नाही. म्हणून काही जण कन्स्ट्रक्टर सोडून फील्डवर जातात. कृपा करून तसं करू नका. कन्स्ट्रक्टर तुम्हाला वेळेवर सावध करत होता. ‘लेझी’ अॅनोटेशन लावलं तर तिथे एक प्रॉक्सी (बदली ऑब्जेक्ट) बसतो आणि खरा बीन पहिल्या हाकेला शोधला जातो. ॲप्लिकेशन सुरू होईल, फेरा राहील.

तुमच्या फेऱ्याचं कारण तुम्ही पत्रात लिहिलं आहे, बरं झालं. क्लेम नोंदवताना पॉलिसी त्या तारखेला चालू होती का ते पाहावं लागतं. आणि पॉलिसी रद्द करताना तिच्यावर उघडा क्लेम आहे का ते पाहावं लागतं. पहिला बाण ठेवा. क्लेम पॉलिसीशिवाय असूच शकत नाही, पण पॉलिसी क्लेमशिवाय सुखाने जगते.

दुसऱ्यासाठी तलाठ्याकडची फेरफाराची नोटीस आठवा. तलाठी घरोघर जाऊन ‘तुमची हरकत आहे का’ असं एकेकाला नावाने विचारत नाही. नोटीस लागते, ज्याची हरकत असेल तो देतो. तसंच पॉलिसीच्या पॅकेजमध्ये ‘हरकत’ नावाचा इंटरफेस करा, एकच मेथड : या पॉलिसीचा नंबर घे आणि रद्द करायला हरकत असेल तर कारण सांग. पॉलिसी सर्व्हिसने अशा हरकतींची लिस्ट कन्स्ट्रक्टरमधून मागायची, स्प्रिंग सापडतील तेवढे बीन्स त्या लिस्टमध्ये भरून देतं. क्लेमच्या पॅकेजमध्ये त्याचा एक छोटा क्लास लिहा : उघडा क्लेम असेल तर हरकत. उद्या प्रीमियम रिफंडवाल्यांना हरकत घ्यायची झाली तर पॉलिसीच्या कोडला हात लावावा लागणार नाही.

इथे एक खड्डा आहे. हरकतीच्या त्या क्लासमध्ये क्लेम सर्व्हिस इंजेक्ट केलीत, तर क्लेम सर्व्हिसला पॉलिसी सर्व्हिस हवी, तिला हरकती हव्यात, आणि तोच मेसेज पुन्हा समोर येईल. त्या क्लासने क्लेमच्या रिपॉझिटरीकडे (डेटाबेसमधून माहिती आणणाऱ्या भागाकडे) सरळ पाहावं. त्याला हवी आहे फक्त एक संख्या, उघडे क्लेम किती. त्यासाठी सबंध सर्व्हिस लागत नाही.

मग ते सेटिंग काढा. ते राहिलं तर पुढचा फेरा कोणाच्याही लक्षात न येता आत येईल.

प्रश्न : बारा वर्षं जुना कोड, चाळीसच्या वर पॅकेजेस (क्लासचे गट) आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच गुंत्यात. मी मॅनेजरांना म्हटलं, दोन महिने द्या, साफ करतो. ते म्हणाले, चालतंय ना? मग ग्राहकाला काय सांगू? त्यांचंही चुकत नाही असं वाटतं. सुरुवात तरी कुठून करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांचं चुकत नाही. दोन महिने मागू नका, मिळणार नाहीत. आणि मिळाले तर दोन महिन्यांनी एक प्रचंड बदल एकदम आत जाईल, तो कोण तपासणार?

या दुखण्याचं वर्णन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७९ मध्येच करून ठेवलं आहे. मोड्यूल एकमेकांना फेऱ्याने वापरू लागले की सगळं चालल्याशिवाय काहीच चालत नाही. मॅनेजरांना हे वाक्य ऐकवून उपयोग नाही, पण त्याचा पुरावा तुमच्याच टिकेट्समध्ये सापडेल. मागच्या सहा महिन्यांतले पाच छोटे बदल काढा. प्रत्येकासाठी किती पॅकेजेस बदलली, किती भागांचं टेस्टिंग करावं लागलं, किती दिवस गेले, ते एका पानावर लिहा. ग्राहक त्या दिवसांचे पैसे देतो आहे. ते पान घेऊन जा, आणि मागणी फक्त एवढीच करा की आजपासून नवा फेरा आत येऊ द्यायचा नाही. याला कोणी नाही म्हणत नाही, कारण त्यात पैसे लागत नाहीत.

ते करायला ‘आर्चयुनिट’ ही लायब्ररी आहे. पॅकेजेसमध्ये फेरे नसावेत हा नियम साध्या युनिट टेस्टसारखा लिहिता येतो. तुमच्याकडे ती टेस्ट लगेच लाल, म्हणजे नापास, होईल, म्हणून तो नियम ‘फ्रीझ’ करा. म्हणजे आजचे सगळे दोष ती एका फाइलमध्ये नोंदवून ठेवते आणि फक्त नव्या दोषावर लाल होते. जुना दोष कोणी काढला की तो यादीतूनही जातो. ही फाइल गिटमध्ये ठेवा. यादी लहान होताना दिसली की टीमचा उत्साह टिकतो, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय.

गुंता सोडवताना जाड बाणाला आधी हात लावू नका. कोणत्याही दोन पॅकेजेसमध्ये एका बाजूने दोनशे ठिकाणी वापर असतो आणि उलट बाजूने तीन ठिकाणी. ते तीन काढा. बहुतेक वेळा तो एखादा स्थिरांक असतो, एखादा एरर कोड, किंवा चुकीच्या घरी राहायला गेलेला एक क्लास. तो जिथला आहे तिथे नेऊन ठेवला की झालं. गुंते शोधण्याची रीत संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांनी १९७२ मध्ये दिली, ती एकाच फेरीत सगळे गुंते वेगळे करते. त्यामुळे पन्नास पॅकेजेस असोत की पाच हजार, मशीनला ते जड नाही. जड जातं ते ‘हे कोणाचं?’ या प्रश्नावर माणसांचं एकमत करणं.

धीर यावा म्हणून खुद्द जावाची गोष्ट सांगते. जावा ९ मध्ये, सप्टेंबर २०१७ ला, जेडीकेचे मोड्यूल झाले. त्या व्यवस्थेत एका मोड्यूलने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने पहिल्याला ‘रिक्वायर’ केलं तर कंपायलर सरळ एरर देतो. म्हणजे त्यांना आधी स्वतःचं घर आवरावं लागलं. लॉगिंगचा ‘लॉगमॅनेजर’ हा क्लास ‘जावा बीन्स’ पॅकेजमधला एक लिसनर (बदल झाला की ज्याला कळवायचं तो ऑब्जेक्ट) घेत होता, आणि ते पॅकेज राहतं डेस्कटॉपच्या मोड्यूलमध्ये, खिडक्या आणि बटणांच्या शेजारी. नुसती लॉग फाइल लिहायची तरी सगळा डेस्कटॉप मागे ओढला जाणार. त्यांनी जावा ८ मध्ये त्या मेथड्सवर ‘वापरू नका’ असा शिक्का मारला आणि ९ मध्ये त्या काढल्या. लॉगमॅनेजरच्या दोन आणि जार दाबून लहान करणाऱ्या ‘पॅक २००’च्या चार, एकूण सहा. प्रसिद्ध झालेली मेथड काढणं जावामध्ये फार क्वचित घडतं, तरी त्यांनी ते केलं. आणि केलं कसं पाहा : एका आवृत्तीत इशारा, पुढच्या आवृत्तीत कृती. तुम्हीही तसंच करा.

आणखी दोन गोष्टी. सगळे फेरे वाईट नसतात. एकाच छोट्या पॅकेजमध्ये ‘झाड’ आणि ‘फांदी’ असे दोन क्लास एकमेकांना ओळखत असतील तर असू द्या, ते एकाच घरातले आहेत. जी दोन पॅकेजेस दोन वेगळ्या टीम सांभाळतात, त्यांच्यातला फेरा आधी काढा. प्रोग्रॅमर मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की संस्थेत माणसं जशी बोलतात तसाच त्यांच्या सिस्टिमचा आकार होतो. तुमच्या गुंत्यातला एखादा जुना बाण बहुधा दोन टीमनी एकमेकांशी न बोलता, समोरच्याच्या कोडमध्ये परस्पर हात घालून तयार केलेला असेल. तो काढायला कधी कधी अर्ध्या तासाची मीटिंग पुरते.

दुसरं म्हणजे, कोणी म्हणालं की मायक्रोसर्व्हिसेस (नेटवर्कवरून बोलणारे छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम) करू म्हणजे फेरे जातील, तर थांबवा. आज कंपायलरला दिसणारा फेरा उद्या नेटवर्कवरून जाईल आणि कोणत्याच टूलला सहज दिसणार नाही. दोन सर्व्हिसेस एकमेकींची वाट पाहत बसल्या की कळेल ते रात्री दोनच्या फोनवर.

प्रश्न : ताई, मी लातूरला बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. पायथॉनमध्ये सापशिडीचा खेळ लिहितेय. ‘रँडम’ इम्पोर्ट करून ‘रँडइंट’ वापरलं तर ‘पार्शली इनिशियलाइज्ड मोड्यूल’ असा एरर येतो आणि शेवटी सर्क्युलर इम्पोर्ट असं काहीतरी लिहितो. माझ्याकडे तर एकच फाइल आहे! फेरा कोणाबरोबर होणार? — एक वाचक, लातूर

उत्तर : तुझा फेरा तुझ्या फाइलचा स्वतःशीच आहे. फाइलचं नाव तू ‘रँडम डॉट पीवाय’ ठेवलं आहेस ना? पायथॉन इम्पोर्ट शोधताना आधी तुझ्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये पाहतो. त्याला तुझीच फाइल सापडली, तिने पुन्हा ‘रँडम’ मागितलं, ते अजून अर्धवट वाचलेलं होतं आणि त्यात ‘रँडइंट’ नव्हतं. पायथॉन ३.८ पासून हा मेसेज असा सविस्तर येतो. त्याने बहुधा सर्क्युलर इम्पोर्ट असेल असा अंदाज केला, आणि तो बरोबर निघाला.

फाइलचं नाव बदलून ‘सापशिडी डॉट पीवाय’ कर, खेळ चालेल. पुढे खेळाडू आणि पट अशा दोन फाइली करशील, तेव्हा पटाने खेळाडूला इम्पोर्ट करायची गरज नाही. खेळाडू कोणत्या घरात उभा आहे तो आकडा पटाला दे, पटाने शिडी की साप ते पाहून नवा आकडा परत द्यावा. त्याला खेळाडूचं नाव कशाला हवं? खेळ पूर्ण झाला की कळव.